'डाउनटाउन' कोणासाठी? : नगरमध्य व्यापारक्षेत्राच्या पुनरुज्जीवनविषयक विचाराची एक चिकित्सा

प्रस्तावना

शहराच्या मध्यभागी असलेली बाजारपेठ ही केवळ क्रयविक्रयाची जागा नसते. शहरातील भिन्न स्तरांतील माणसे एकमेकांच्या दृष्टीस पडतात ती हीच जागा होय. म्हणूनच मध्यवर्ती बाजारपेठेला उतरती कळा लागली, की तो प्रश्न व्यापाऱ्यांपुरता मर्यादित न राहता नागरी जीवनाचा प्रश्न बनतो. अमेरिकेत 'डाउनटाउन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरमध्याची दुसऱ्या महायुद्धानंतर जी पडझड झाली आणि ती थांबविण्यासाठी जे विचार व प्रयोग पुढे आले, त्यांतून नगरनियोजनशास्त्रात एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. या परंपरेचे चार प्रमुख टप्पे मानता येतील : व्हिक्टर ग्रुएन यांची पादचारी बाजारपेठेची कल्पना, जेन जेकब्ज यांनी केलेली नगरजीवनाची मीमांसा, 'मेन स्ट्रीट' कार्यक्रम आणि 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' म्हणजेच व्यवसाय सुधारणा क्षेत्राची पद्धती.

प्रस्तुत लेखात या चार टप्प्यांची चिकित्सा करून महाराष्ट्रातील पेठांच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : जेकब्ज यांनी प्रश्नाचे निदान अचूक केले, परंतु ते अमलात आणणारी यंत्रणा सुचविली नाही. यंत्रणा नंतर व्यवसाय सुधारणा क्षेत्राच्या रूपाने मिळाली, परंतु ती उभी करताना 'नगरमध्य कोणासाठी?' या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र बदलून गेले.

नगरमध्याचा ऱ्हास : कारणमीमांसा

अमेरिकन नगरमध्याचा ऱ्हास हा केवळ बाजारातील स्पर्धेचा परिणाम होता, असे मानणे सोयीचे असले तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या पाडून जमिनी मोकळ्या करण्यासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध करून दिला. १९५६ च्या महामार्ग कायद्याने देशभर द्रुतगती मार्गांचे जाळे विणण्यास आरंभ झाला व त्यांतील अनेक मार्ग शहरांच्या मध्यभागातून नेण्यात आले. गृहकर्जाची सरकारी हमी उपनगरांतील नव्या घरांना सहज मिळत असे. जुन्या शहरातील, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ती नाकारली जात असे. परिणामी मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि त्याच्या पाठोपाठ दुकानेही गेली.

या पार्श्वभूमीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण पुनरुज्जीवनाच्या पुढील सर्व योजनांनी ऱ्हासाची ही धोरणात्मक कारणे बाजूला ठेवून रस्ता, फरशी, दिवे आणि दर्शनी भाग यांवर लक्ष केंद्रित केले. धोरणांनी निर्माण केलेल्या दुखण्यावर रचनेचा उपाय करण्याची ही प्रवृत्ती या परंपरेचा मूळ दोष म्हणावी लागेल.

व्हिक्टर ग्रुएन : रचनेवरील श्रद्धा

व्हिएन्ना येथे १९०३ मध्ये जन्मलेले ग्रुएन १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे अमेरिकेत आले. मिनेसोटा राज्यातील ईडाइना येथे १९५६ मध्ये सुरू झालेले 'साउथडेल' हे संपूर्णतः आच्छादित व वातानुकूलित विक्री-संकुल त्यांनीच रचले. ज्या 'मॉल'ने नगरमध्याचा व्यापार हिरावून घेतला, त्याच्या जनकानेच नगरमध्य वाचविण्याची योजना मांडावी, हा इतिहासातील एक अर्थपूर्ण विरोधाभास आहे. त्याच वर्षी ग्रुएन यांनी टेक्सासमधील फोर्टवर्थ शहरासाठी आराखडा सादर केला. मध्यभागाभोवती वळणरस्ता, त्याला लागून वाहनतळ, मालाची वाहतूक भुयारी मार्गाने आणि आतील रस्ते केवळ पादचाऱ्यांसाठी अशी ती कल्पना होती. हा आराखडा प्रत्यक्षात उतरला नाही.

प्रत्यक्षात उतरला तो त्याचा एक तुकडा. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे १९५९ मध्ये बाजाराचा रस्ता वाहनांना बंद करून अमेरिकेतील पहिली पादचारी बाजारपेठ साकारण्यात आली. ग्रुएन यांच्या मूळ योजनेतील वळणरस्ता व इतर अंगे मागे पडली. पुढील दोन दशकांत शंभराहून अधिक शहरांनी हे अनुकरण केले. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी रस्ते पुन्हा वाहनांसाठी खुले करावे लागले. कॅलमझूने १९९८ मध्ये आपल्या पादचारी पेठेचा काही भाग खुला केला. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहराने १९६४ मध्ये निर्माण केलेला 'फुल्टन मॉल' २०१७ मध्ये पुन्हा वाहनांचा रस्ता झाला.

या अपयशाचा अर्थ 'पादचारी रस्ते चालत नाहीत' असा लावणे चुकीचे ठरेल. कोलोरॅडोतील बोल्डर (१९७७) व व्हरमाँटमधील बर्लिंग्टन (१९८१) येथील पादचारी पेठा आजही गजबजलेल्या आहेत. दोन्ही शहरांत विद्यापीठे आहेत आणि बाजारापर्यंत पायी येऊ शकणारी वस्ती आहे. माणसे जवळ राहत असतील तर वाहने वगळल्याने रस्ता फुलतो. माणसे निघून गेलेली असतील तर वाहने वगळल्याने तो अधिक ओस पडतो. रस्त्याची रचना गर्दीला सामावून घेऊ शकते, गर्दी निर्माण करू शकत नाही. ग्रुएन यांच्या अनुयायांनी नेमका हा भेद दुर्लक्षिला.

जेन जेकब्ज : निदानाचे सामर्थ्य आणि मर्यादा

जेन जेकब्ज (१९१६–२००६) यांचा 'डाउनटाउन इज फॉर पीपल' हा लेख १९५८ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकात प्रसिद्ध झाला आणि १९६१ मध्ये 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' हा ग्रंथ आला. १९५८ च्या लेखात जेकब्ज यांनी ग्रुएन यांच्या फोर्टवर्थ आराखड्याची प्रशंसा केली आहे, ही बाब अनेकदा विसरली जाते. मात्र त्यांना भावले ते वाहनांचे निष्कासन नव्हे, तर रस्त्यांवर अधिक विविधता व चैतन्य आणण्याचा आराखड्यातील हेतू. अनुकरण करणारे केवळ बाह्यांग उचलतील, ही भीतीही त्यांनी व्यक्त केली होती. पुढे घडले ते तसेच.

ग्रंथात जेकब्ज यांनी नागरी विविधतेसाठी चार अटी सांगितल्या : भिन्न वेळी भिन्न कारणांनी माणसांना आणणारे मिश्र उपयोग, आखूड गृहगट, जुन्या-नव्या इमारतींची सरमिसळ आणि पुरेशी दाट वस्ती. यांतील जुन्या इमारतींविषयीचा विचार विशेष मूलगामी आहे. तो वारसाप्रेमातून आलेला नाही. तो अर्थशास्त्रीय आहे. नव्या इमारतीचा बांधकामखर्च भाड्यातून वसूल करावा लागतो, त्यामुळे तिथे मोठा व जम बसलेला व्यवसायच टिकतो. नवखा, प्रयोगशील, कमी नफ्याचा धंदा जुन्या इमारतीतच उभा राहू शकतो. तेव्हा जुनी इमारत म्हणजे अल्पभांडवली व्यवसायाला मिळणारे एक अघोषित अनुदानच होय.

लोअर मॅनहॅटनविषयीचे त्यांचे विवेचनही असेच भेदक आहे. काही लाख माणसे दिवसा तिथे कामाला येत. परंतु ती सर्व एकाच वेळी येत आणि एकाच वेळी जात. दुकाने व उपाहारगृहे दुपारच्या दोन-तीन तासांच्या गिऱ्हाइकावर जगू शकत नाहीत. या निदानाची सत्यता २०२० च्या महासाथीनंतर पुन्हा प्रत्ययास आली. घरून काम करण्याची पद्धत रुजताच केवळ कार्यालयांवर विसंबलेली नगरमध्ये एकाएकी रिती झाली आणि कार्यालयीन इमारतींचे निवासी इमारतींत रूपांतर करण्याचा विषय अनेक शहरांत ऐरणीवर आला. न्यूयॉर्कने लोअर मॅनहॅटनमध्ये अशा रूपांतरासाठी १९९५ मध्येच करसवलत दिली होती.

तथापि जेकब्ज यांच्या विचारावर घेण्यात आलेले आक्षेपही दुर्लक्षणीय नाहीत. लुईस ममफर्ड यांनी १९६२ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मधून त्यांच्या उपायांची उपहासपूर्ण समीक्षा केली. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांचा आक्षेप अधिक गंभीर होता : रस्त्यावरील चैतन्य हे इमारतींच्या रचनेपेक्षा तिथे राहणाऱ्या वर्गाच्या जीवनपद्धतीतून येते. शॅरन झुकिन यांनी अलीकडच्या काळात दाखवून दिल्याप्रमाणे जेकब्ज यांच्या आवडीचे रस्ते कालांतराने इतके महाग झाले, की त्यांना चैतन्य देणारी सामान्य माणसेच तिथून हद्दपार झाली.

या शेवटच्या आक्षेपाच्या बाबतीत मात्र जेकब्ज यांच्यावर पूर्ण दोषारोप करता येत नाही. विविधता स्वतःच्या यशामुळे स्वतःचा नाश ओढवून घेते, असे प्रतिपादन करणारे एक संपूर्ण प्रकरण त्यांच्या ग्रंथात आहे. एखादा रस्ता लोकप्रिय झाला, की सर्वाधिक भाडे देऊ शकणारा एकच प्रकारचा व्यवसाय तिथे पसरतो आणि ज्या विविधतेमुळे लोक येत होते तीच नाहीशी होते. त्यांची खरी मर्यादा वेगळी आहे. ही प्रक्रिया रोखण्यासाठी निर्णय कोणी घ्यायचा, पैसा कोणी द्यायचा आणि कोणाचे म्हणणे अंतिम मानायचे, याविषयी त्यांचे विवेचन अपुरे राहते. ही पोकळी पुढे दुसऱ्यांनी भरली.

'मेन स्ट्रीट' : लहान शहरांचा मार्ग

अमेरिकेतील 'नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन' या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन व हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान शहरांत प्रायोगिक प्रकल्प सुरू केला व १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. संघटन, प्रसिद्धी, रचना आणि आर्थिक पुनर्रचना या चार सूत्रांवर हा कार्यक्रम आधारलेला आहे. रचनेला चारांपैकी केवळ एक स्थान देणे, हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य होय. मोठा निधी आणून एकदाच कायापालट करण्याऐवजी पूर्णवेळ व्यवस्थापक नेमून छोटी छोटी कामे सातत्याने करावीत, ही त्यामागील दृष्टी आहे.

या कार्यक्रमाने बाजारपेठेला 'व्यवस्थापन' लागते, ही जाणीव दिली. मॉलमध्ये स्वच्छता, दुकानांची मांडणी, जाहिरात यांकडे पाहणारा एक मालक असतो. रस्त्यावरच्या बाजाराला तो नसतो. परंतु वर्गणी, देणग्या आणि स्वयंसेवा यांवर चालणाऱ्या कार्यक्रमाला एक अडचण कायम भेडसावते. जो दुकानदार वर्गणी देत नाही, त्यालाही स्वच्छ रस्त्याचा लाभ मिळतोच. या अडचणीवरील उत्तर म्हणून सक्तीच्या आकारणीची कल्पना बळावली.

व्यवसाय सुधारणा क्षेत्र : सोय आणि तिची किंमत

या पद्धतीचा उगम कॅनडातील टोरोंटो येथील ब्लूर वेस्ट व्हिलेज या बाजारात १९७० मध्ये झाला. अमेरिकेत ती झपाट्याने पसरली. एकट्या न्यूयॉर्क शहरात आज अशी सत्तरहून अधिक क्षेत्रे आहेत. तिचे कार्य असे चालते : ठरावीक हद्दीतील मालमत्ताधारकांवर नेहमीच्या करांव्यतिरिक्त जादा आकारणी केली जाते, शहर प्रशासन ती वसूल करून त्या क्षेत्राच्या ना-नफा मंडळाकडे सोपविते, मंडळ त्यातून झाडलोट, सुरक्षारक्षक, दिवे, झाडे, जाहिरात यांवर खर्च करते. मंडळावर मालमत्ताधारकांचे बहुमत असते.

या पद्धतीचे यश नाकारता येणार नाही. न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क हे उद्यान १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीमुळे बदनाम झाले होते. विल्यम व्हाइट यांच्या निरीक्षणांच्या आधारे प्रवेशमार्ग वाढविण्यात आले, दृष्टीआड करणारी कुंपणे काढण्यात आली, हव्या तिथे हलविता येतील अशा खुर्च्या ठेवण्यात आल्या आणि १९९२ मध्ये उद्यान पुन्हा खुले झाले. आज ते शहरातील अत्यंत लोकप्रिय स्थळांपैकी एक आहे. तथापि सार्वजनिक उद्यान खासगी मंडळाच्या हाती गेल्यावर तिथे कोणी 'शोभते' हेही तेच मंडळ ठरविते, हा झुकिन यांचा आक्षेप अनुत्तरित राहतो.

ग्रँड सेंट्रल परिसरातील क्षेत्राच्या संदर्भातील दोन न्यायालयीन निवाडे येथे विचारात घेणे उद्बोधक ठरेल. दोन्ही १९९८ मधील आहेत. पहिल्या प्रकरणात क्षेत्रातील रहिवाशांनी मंडळावरील मालमत्ताधारकांच्या हमखास बहुमताला आव्हान दिले होते. 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व येथे लागू होत नाही, कारण मंडळाचे कार्य मर्यादित असून त्याचा भार मुख्यतः मालमत्ताधारकांवर पडतो, असा निर्णय संघीय अपील न्यायालयाने दिला. दुसरे प्रकरण वेगळ्याच स्तरातील माणसांचे होते. 'रोजगार प्रशिक्षण' या नावाखाली बेघर व्यक्तींकडून रखवालीची व स्वच्छतेची कामे किमान वेतनाहून कितीतरी कमी मोबदल्यात करून घेतली जात होती. त्या व्यक्ती कर्मचारीच असून किमान वेतनास पात्र आहेत, असा निवाडा न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी दिला.

हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचले असता या पद्धतीचे अंतर्गत वैगुण्य स्पष्ट होते. मंडळाचे कार्य 'मर्यादित' आहे म्हणून रहिवाशाला समान मत नाही. आणि त्याच मर्यादित कार्याच्या नावाखाली शहरातील सर्वांत दुर्बल माणसाच्या श्रमाचे मोल मात्र ठरविले जात होते. झाडलोट हे मर्यादित कार्य असू शकते. सार्वजनिक रस्त्यावर कोणी बसावे आणि कोणी नाही, हे ठरविणे मर्यादित कार्य नव्हे. शिवाय आकारणी मालमत्तेच्या मूल्याशी निगडित असल्याने श्रीमंत भागातील मंडळ अधिक श्रीमंत होते आणि ज्या बाजाराला साहाय्याची खरी गरज, तिथे निधी अत्यल्प जमतो.

ही रचना अपरिहार्य नाही, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तेथील २००३ च्या कायद्यानुसार आकारणी मुख्यतः जागा वापरणाऱ्या व्यावसायिकावर होते व मतही त्यालाच मिळते. संख्या आणि करमूल्य अशा दोन्ही निकषांवर बहुमत आवश्यक असते आणि पाच वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. तेव्हा 'मत कोणाला?' हा प्रश्न तांत्रिक नसून निवडीचा आहे. अर्थात सामान्य रहिवाशाला आणि ग्राहकाला तेथेही मत नाहीच.

महाराष्ट्रातील पेठांचा संदर्भ

अमेरिकन उपाय जसेच्या तसे उचलण्याच्या मार्गात पहिली अडचण म्हणजे प्रश्नच उलटा आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता व तुळशीबाग, मुंबईचा काळबादेवी व दादरचा परिसर, कोल्हापूरचा महाद्वार रस्ता येथे माणसांचा दुष्काळ नाही. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अरुंद गल्ल्या, जुने वाडे आणि दाट वस्ती या रूपाने जेकब्ज यांच्या चारही अटी येथे परंपरेनेच पूर्ण झालेल्या आहेत. उणीव आहे ती व्यवस्थापनाची : चालता येईल असा पदपथ, अग्निसुरक्षा, मालाच्या चढउतारीची वेळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे. ज्या बाजारात ग्राहकवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा आहे, तिथे या शेवटच्या सोयीचा अभाव हा व्यवस्थापनाच्या प्राधान्यक्रमावरील बोलका शेरा मानावा लागेल.

मात्र विविधतेच्या आत्मनाशाची प्रक्रिया येथेही सुरू आहे. वरच्या मजल्यांवरील बिऱ्हाडे उठून तिथे गोदामे व कार्यालये येत आहेत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३३.४ लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे ३०.९ लाखांवर आली. या घटीची कारणे अनेक आहेत. परंतु रात्रीची वस्ती गमावलेल्या बाजाराचे काय होते, याचा धडा लोअर मॅनहॅटनने दिलेला आहे.

दुसरी अडचण मालकीची आहे. व्यवसाय सुधारणा क्षेत्राची संकल्पना असे गृहीत धरते, की रस्ता सुधारला तर भाडे वाढते, त्याचा लाभ मालकाला होतो, म्हणून खर्च व मतही मालकाचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून चालत आलेल्या आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने बव्हंशी कायम राखलेल्या व्यवस्थेत पागडीच्या जागेचे भाडे नाममात्र असते. मालकाला सुधारणेत स्वारस्य नसते. जागेचे खरे मूल्य भाडेकरू दुकानदाराच्या हाती असते. अशा पेठेत मालकाला बहुमत देणे म्हणजे ज्याचे काही पणाला लागलेले नाही, त्याच्या हाती निर्णय सोपविणे होय. ब्रिटनचा मार्ग येथे अधिक जवळचा वाटतो तो यामुळेच.

तिसरी व सर्वांत कळीची बाब पथविक्रेत्यांची. पदपथावर व्यवसाय करण्याचा हक्क वाजवी निर्बंधांसह संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग प्रकरणात १९८९ मध्ये मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. व्यापारी संघटना, रहिवासी संघ, वाहतूक पोलीस व नियोजन प्राधिकरण यांनाही तिच्यात स्थान आहे. अंमलबजावणी संथ असली, तरी रस्त्यावर हितसंबंध असलेल्या जवळजवळ सर्व घटकांना एकत्र आणणारी अशी वैधानिक रचना ग्रँड सेंट्रलच्या मंडळाहून निश्चितच अधिक लोकशाहीवादी आहे. पेठेच्या व्यवस्थापनाचा विचार करताना ही रचना आयत्या नमुन्यांच्या मागे लागून दुर्लक्षिली जाऊ नये.

भारतातील काही प्रयत्नांचा येथे निर्देश करणे आवश्यक आहे. मुंबईत दादाभाई नौरोजी मार्गावर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानांच्या पाट्या व दर्शनी भाग यांना शिस्त लावण्यात आली. या कामाची दखल युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतही २००४ मध्ये घेतली गेली. दुकानदारांचे सहकार्य मिळविता येते, हे त्याने सिद्ध केले. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनाचा उपक्रम केला. दिल्लीतील चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दिवसा मोटारवाहनांना बंद करून सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. परंतु त्यानंतर नियमभंगाच्या व देखभालीच्या तक्रारी येत राहिल्या. फरशी एकदा बसविता येते, व्यवस्थापन मात्र रोज करावे लागते, हाच 'मेन स्ट्रीट'चा धडा येथेही लागू पडतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. नगरमध्याचे पुनरुज्जीवन हा प्रामुख्याने रचनेचा प्रश्न नाही. जवळ राहणारी माणसे नसतील तर उत्तम रचनाही निष्फळ ठरते. बाजारपेठेला सातत्यपूर्ण व्यवस्थापन व त्यासाठी खात्रीचा निधी आवश्यक आहे, हे 'मेन स्ट्रीट' व व्यवसाय सुधारणा क्षेत्र यांचे योगदान स्वीकारार्ह आहे. मात्र ज्याचा पैसा त्याचेच मत, हे तत्त्व सार्वजनिक रस्त्याला लावता येत नाही, कारण रस्त्यावर केवळ मालमत्ता नसते; तिथे उपजीविका असते, वाट असते आणि विसावाही असतो.

महाराष्ट्रातील पेठांसाठी भाडेकरू दुकानदार, पथविक्रेते, रहिवासी आणि महानगरपालिका यांचा समावेश असलेली, मर्यादित आकारणीचा अधिकार व मुदतीनंतर पुन्हा कौल घेण्याचे बंधन असलेली व्यवस्था विचारार्ह ठरेल. तिचे मोजमाप भाडे किती वाढले यावरून करू नये. दहा वर्षांनंतर त्या पेठेत बांगड्या विकणारी स्त्री, वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड आणि जुन्या वाड्यातील लहान दुकान टिकून आहे काय, यावरूनच ते केले जावे. जेकब्ज यांनी १९५८ मध्ये नगरमध्य माणसांसाठी असते असे म्हटले होते. त्या माणसांत कोणाकोणाची गणना करायची, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक शहराला स्वतःच पार पाडावी लागेल.